उलट्या पायांचे अध्यक्ष

मान्यवरांच्या तोंडावर थुंकण्याचा परवाना असलेला मी नागपुरातला बहुधा एकमेव माणूस असेन. बेचाळीस वर्षं मी या कामावर पोट भरलं. संस्थापक, देणगीदार, त्यांच्या सौभाग्यवती, एक-दोन संस्थानिक, झालंच तर त्यांचे घोडे, सगळ्यांवर माझी थुंकी पडली आहे, आणि त्यासाठी मला शाल-श्रीफळ मिळालं आहे.

जुन्या चित्रांची दुरुस्ती हा माझा धंदा. नवीन माणसाला सांगताना मी सुरुवात इथूनच करतो. बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि चित्रावरून हलकेच फिरवायचा. कापूस काळा झाला की टाकायचा, दुसरा घ्यायचा. लाळ साध्या पाण्यापेक्षा जास्त मळ काढते आणि रंगाला धक्का लावत नाही. महागडी औषधं नंतर. म्हणूनच माझ्या गुरूंनी पहिल्या दिवशी एकच अट घातली होती: खर्रा, म्हणजे चोळलेली तंबाखू-सुपारी, बंद. नागपूरच्या सदरसारख्या ठिकाणी दुकान मांडून बेचाळीस वर्षं खर्रा न खाता बसणं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा त्याग आहे. त्याची दखल मात्र कोणी घेतली नाही.

माझ्या हातून सगळ्या तऱ्हेची चित्रं गेली, पण नाव पडलं ते ‘फेरवाले’ म्हणून. सुरुवातीलाच रासमंडळाचा एक जुना पट माझ्याकडून बरा निघाला. मग ज्याच्या घरी हात धरून गोल नाचणारी माणसं भिंतीवर होती, तो माझ्याकडे यायला लागला. डॉक्टरांत जसा एखादा नुसत्या गुडघ्यांचा असतो, तसा मी गोल नाचांचा झालो.

आता गोल नाचाचं चित्र काढण्यात एक मूळचीच गोची आहे. माणसं हात धरून गोलात उभी राहिली की सगळ्यांची तोंडं मधे. म्हणजे पलीकडची आपल्याकडे बघतात आणि अलीकडची आपल्याकडे पाठ करतात. बरं, अलीकडची असल्यामुळे मोठी दिसतात तीच. म्हणजे चित्राच्या ऐन मोक्याच्या जागी चार-पाच भल्यामोठ्या पाठी. ही भूमिती आहे, हिच्यापुढे कोणाची ओळख चालत नाही.

चित्रकारांनी मात्र हजारो वर्षं वेगवेगळ्या वाटा काढून पाहिल्या. सातपुड्यात दगडांच्या आडोशाला गेरूनं काढलेली माणसं मी पाहिली आहेत. हात धरलेले, गुडघे वाकलेले, आणि तोंड नावाची भानगडच नाही. वारली बायांनी माणसाचे दोन त्रिकोण केले. त्रिकोणाला पाठ आणि पोट सारखंच, त्यामुळे तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा त्यांचा फेर निर्वेधपणे वेटोळं घेत जातो. रासमंडळं काढणाऱ्यांनी वरून पाहिलं, सगळ्या गोपी पापडांसारख्या गोलात वाळत घातल्या आणि तोंडं एका बाजूनं दाखवून मोकळे झाले. साहेबाच्या काळातल्या बंगल्यांतून विलायती छापील चित्रं यायची. त्यांत शेतकरी बायाबापे मोकळ्या रानात फेर धरून, आणि अलीकडच्यांच्या पाठी बेधडक, रुंद, घामानं भिजलेल्या. मला तीच सगळ्यात आवडायची. पाठ काढता येणं ही या कामातली खरी परीक्षा. तोंड कोणीही काढतं, कारण तोंडाला नाक-डोळे मदतीला असतात.

पण गिऱ्हाइकाला पाठ चालत नाही. “ही बाई पाठ करून काहून उभी हाय? आपल्यावर नाराज हाय का?” हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की शेवटी शेवटी “हो” म्हणायला लागलो होतो.

नमुने एकेक. नरखेडकडचे एक बागाईतदार होते, देवरावजी. संत्रा-मोसंबीची मोठी बाग, आणि आजोबांच्या काळापासून बैठकीत लावलेलं फेराचं चित्र. मी ते साफ करून नेऊन दिलं. महिन्याभरात ते मोटारसायकलवर पोत्यात बांधून परत घेऊन आले. कोणा वास्तूवाल्यानं त्यांना सांगितलं होतं की फेर उलटा चालला आहे.

“देवाले परदक्षिणा घालतो तसा पाह्यजे नं जी फेर,” देवरावजी म्हणाले. “हे समदे उलटे फिरून राह्यले. घरातली लक्ष्मी बाहेर चालली. तुम्ही ह्याइले सुलटं फिरवून द्या.”

मी म्हटलं, सोळा माणसं वळवायची म्हणजे चित्रच नवं काढावं लागेल. त्यापेक्षा समोरच्या भिंतीवर मोठा आरसा लावा आणि चित्र आरशात पाहत जा. फेर आपोआप सुलटा. देवरावजी विचारात पडले, मग खूश झाले. त्या वर्षी बागेला चांगला बहर आला, माझ्या दुकानात संत्र्यांची पेटी आली. पुढच्या वर्षी फळगळ झाली, तेव्हा आरसा आला.

दुसरा नमुना एका सरकारी कचेरीतला. चित्र हातात घेतलं की आधी त्याची तपासणी करून टिपण लिहावं लागतं: कुठे पोपडे, कुठे भेग, कुठे बुरशी. सोयीसाठी मी नाचणाऱ्यांना आकडे देतो. एक नंबरच्या बाईचा हात तडकला आहे, पाच नंबरच्या बाईला वाळवी लागली आहे, असं. त्या कचेरीतून माझं टिपण परत आलं. शेरा होता: ‘सदर आकृतीस क्रमांक एक कोणत्या निकषावर देण्यात आला, याचा खुलासा व्हावा.’ मी लिहिलं, गोल आहे, सुरुवात कुठूनही करता येते. हे उत्तर त्यांच्या पचनी पडलं नाही. ज्यात ज्येष्ठता लावता येत नाही अशी गोष्ट त्या इमारतीत पहिल्यांदाच शिरली होती. शेवटी ठरलं की साहेबांच्या खुर्चीवरून जी बाई सरळ समोर दिसते ती एक नंबर. पुढे साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांनी पंख्याखाली खुर्ची हलवली, आणि अकरा बायांची सेवाज्येष्ठता नव्यानं लागली.

असं हसत-खेळत चाललं होतं. माझं दुसऱ्यांना हसणं फार चालतं, हे घरचे लोक सांगतातच. विशेषतः चित्रांवर चित्रं काढणारे जे पेंटर लोक असतात, त्यांना तर मी बेचाळीस वर्षं शिव्या घातल्या. जुन्या चित्रात कोणाला मिशी लाव, कोणाचं लुगडं बदल, नको त्याला झाडात बुजव, असली कामं करणारी ही मंडळी. काम करता करता वरचा रंग सुटायला लागला की मी म्हणायचो, “कोण गाढव होता हा!” ते गाढव एकदा मला प्रत्यक्ष भेटलं, ती हकिगत सांगण्यासाठी हा सगळा प्रपंच.

सदरमध्येच एका जुन्या संस्थेचं सभागृह आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या मंचाच्या मागे भिंतभर कॅनव्हास: अकरा बाया-माणसांचा फेर. संस्थेचा वर्धापनदिन जवळ आला होता आणि अध्यक्ष भाऊसाहेबांना चित्र चकचकीत करून हवं होतं. चित्रात अगदी खाली मधोमध, सगळ्यांत मोठे, भाऊसाहेबांचे वडील तात्यासाहेब उभे होते. बाकीच्या दहा बाया, आणि त्यांच्यात हात धरून धोतर-कोट-टोपीतले तात्यासाहेब. फेरात असूनही तोंड सरळ प्रेक्षकांकडे. संस्थेचे ते दुसरे अध्यक्ष, आणि आता भाऊसाहेब चौथे. मधल्या तिसऱ्यांना भाऊसाहेबांचे मेहुणे म्हणून लोक ओळखत.

परांची बांधायची म्हणून मंचाच्या कडेच्या सिमेंटच्या कुंड्या हलवल्या. कित्येक वर्षांत त्या हलल्या नसाव्यात. खाली गोल डाग पडले होते. मी चित्राच्या खालच्या कडेला बॅटरी धरली आणि तात्यासाहेबांचे पाय पाहिले.

धोतराखालून टाचा आपल्याकडे होत्या. तोंड इकडे, टाचाही इकडे.

आपल्याकडे उलटे पाय कोणाचे असतात हे मी लिहायला नको. मला आधी हसू फुटलं. मी परांचीच्या पहिल्या फळीवर बसून एकटाच हसलो. म्हटलं, कोण गाढव होता हा! पाठमोऱ्या बाईवर अख्खा अध्यक्ष चढवला आणि पाय वळवायचे विसरला! मग जवळून पाहिलं. धोतराच्या निऱ्यांना दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांना देतात तशी करडी सावली दिली होती, डावीकडून खाली. ती सावली मी ओळखली. ती माझी होती.

या धंद्यात येण्याआधी दोन वर्षं मी सदरच्याच एका पेंटर उस्तादांकडे पाट्या रंगवत होतो. तेव्हा तात्यासाहेब नुकतेच वारले होते. संस्थेनं उस्तादांना सांगितलं, त्यांना चित्रात घ्या. उस्तादांनी मला कामाला उभं केलं. दुसऱ्या दिवशी शोकसभा होती. मी म्हटलं, खाली मधोमध एक बाई आहे पण ती पाठमोरी आहे. उस्ताद म्हणाले, “पाठ ही तो है, चढा दे.” मी चढवलं. पाय राहिले होते, तर उस्ताद म्हणाले, पुढे कुंड्या येणार आहेत, सोड. मी सोडले. त्यानंतर मी शिकायला बाहेरगावी गेलो, परत येऊन शहाणा झालो, आणि हे काम साफ विसरलो. त्या शोकसभेत लोकांनी चित्राला हार घातला होता, एवढं मात्र आता आठवलं.

त्याच दुपारी चौकीदार केशव मला म्हणाला, “साहेब, बाहेर एक बाई हाये. रोज येऊन राह्यली. आत येऊ देत नाई म्हून भांडते.”

मी बाहेर गेलो. पंचाहत्तरीच्या आसपासची बाई पायरीवर बसली होती. नाव पार्बताबाई. कन्हानहून बसनं आली होती. माझ्याशी बोलताना ती मान हळूहळू फिरवत होती, जणू मला तुकड्यातुकड्यांनी गोळा करत होती.

“चित्राले शिडी लागली म्हने,” ती म्हणाली. “माह्या मायचं चित्र हाये जी त्यात.”

केशव मागून हसला. चित्रातल्या बायांना जरीकाठी लुगडी होती, गोरे रंग होते, नाकात नथी होत्या. अशा घरातली ही बाई दिसत नव्हती. मी विचारलं, तुमची आई कोण?

“जनाबाई. हे हालच तिनं बांधलं.” मग स्वतःच हसली. “म्हंजे बायाइनं. चुन्याचा कोबा ठोकत होत्या नं थापीनं, त्या. काम झालं त्या दिवशी नव्या जमिनीवर समद्याइनं फेर धरला. एक मास्तर होते चित्रं काढनारे, त्याइनं पाह्यलं, काढलं. माय म्हने, मी हावो भितीवर. खाली, मधात.”

खाली, मधात.

“मी दहा वर्साची होती, माय गेली. फोटो नाई जी तिचा, एकबी नाई. मंग मोठी झाली, लगन झालं, एक डाव इथं आली तं मायच्या जाग्यावर टोपीवाले बुवा उभे. आता डाक्टर म्हनते काचबिंदू हाये. बाजूचं गेलं, आता नळीतून पाह्यल्यावानी दिसते. थेबी जाईन म्हनते. म्हून आली. मले मायले पाह्याचं हाये.”

मी तिला म्हणालो, बघतो. दुसरं काय म्हणणार? तिला सांगायला हवं होतं की बाई, तुमच्या आईवर तो टोपीवाला मीच उभा केला. आणि टोपीवाला काढला तरी खाली तोंड नाही. मी या हातांनी ते झाकलं आहे, मला ठाऊक आहे. खाली नुसती पाठ आहे. डोळे जायच्या आत तुम्हाला आईचा चेहरा पाहायचा आहे, आणि चेहरा त्या चित्रात कधी नव्हताच. पण मी हे बोललो नाही. मान्यवरांवर थुंकणारा माणूस शूर असतो असं कोणी समजू नये. मी फक्त म्हटलं, “झालं की केशवकडे निरोप देतो.” ती उठली आणि भिंतीला हात लावत पायऱ्या उतरली.

आता ते तात्यासाहेब खाली उतरवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं, आणि त्यांच्या चिरंजिवांच्या परवानगीशिवाय ते उतरणार नव्हते.

भाऊसाहेबांना मी खालून सुरुवात करून दाखवली.

“हे काय जी?” ते वाकून म्हणाले.

“टाचा आहेत.”

“तात्यासाहेबांच्या?”

“त्यांच्याच धोतराखाली आहेत.”

भाऊसाहेब सरळ झाले. दार लावून आले. “कोणी पाह्यलं काय?”

“आत्तापर्यंत कुंड्या होत्या.”

“मंग कुंड्या वापस ठेवून टाका नं! निवडणूक तोंडावर आली हाये. विरोधी पॅनलवाले काय म्हणतील? अध्यक्षाचा बाप...” पुढचा शब्द त्यांनी गिळला.

“आता लोक मोबाईलवर फोटो काढतात, भाऊसाहेब. कोणी कुंड्यांच्या फटीतून काढला तर?”

“मंग पाय सुलटे करा.”

मी त्यांना समजावलं. पाय सुलटे करायचे तर धोतर बदलावं लागेल, कारण आत पोटऱ्या पाठमोऱ्या आहेत. धोतर बदललं की हात आले. तात्यासाहेबांची दोन्ही कोपरं आपल्याकडे टोक करून आहेत, असे हात सरळ माणसाला नसतात. म्हणजे सगळे तात्यासाहेब सोलून पुन्हा भरावे लागणार. भाऊसाहेब घाम पुसायला लागले. मग म्हणालो, “खरं सांगू का? मला नेहमी वाटतं की तात्यासाहेबांसारखा माणूस फेरात शोभत नाही.”

“काहून?”

“फेरात सगळे सारखे. अकरातले एक. कोणी म्हणेल, यांनी संस्था उभारली की बायांबरोबर नाचले? त्यापेक्षा मंचाच्या उजव्या अंगाला स्वतंत्र तैलचित्र असावं. मोठी चौकट. एकटेच. वर दिवा.”

भाऊसाहेब चित्राकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, “दिवा वरतून, का खालतून?”

मी समजलो, काम झालं.

पुढचे सहा-सात दिवस मी माझ्या जन्मात इतका मन लावून कापूस फिरवला नसेल. पाटीचा रंग आणि मूळ चित्र यांच्यामध्ये वार्निशाचा जुना थर असतो. औषधानं तो थर विरघळवला की वरचा रंग सालीसारखा उचलला जातो. आधी टोपी गेली, मग माझं त्या वयातलं सगळ्यात अभिमानाचं काम, कोटाची बटणं, गेली. बाकीचं चित्रही सुटत गेलं. मधोमध संस्थेचं बोधचिन्ह होतं. ते काढलं तर खाली समई निघाली. समई काढली तर खाली कारंजं. ज्याच्या त्याच्या कारकिर्दीत मधे काहीतरी शोभेचं हवंच होतं. कारंजं काढलं आणि खाली लाकडी थाप्यांचा ढीग निघाला. बायांनी काम संपल्यावर हातातल्या थाप्या मधे फेकल्या होत्या आणि त्यांच्याभोवती फेर धरला होता. जरीकाठ गेले, गोरेपण गेलं, नथी गेल्या. चुन्यानं पांढरे झालेले हात आणि गुडघ्यापर्यंत खोचलेली लुगडी वर आली. पलीकडच्या बाया तोंड उघडून हसत होत्या. त्या मास्तरांना मी मनातल्या मनात दंडवत घातला. त्यांनी चित्रावर सहीसुद्धा केलेली नाही.

आणि खाली मधोमध जनाबाई. रुंद पाठ, चोळीला डाव्या खांद्यावर दुसऱ्या रंगाचं ठिगळ, दोन्ही हात ताणलेले. डोक्यावरची चुंबळ काढायची राहून गेलेली. ओझी वाहता वाहताच फेरात आली असावी. मी मुद्दाम त्या मानेजवळ भिंग लावून पाहिलं. वाटलं, मास्तरांनी कुठे गालाची रेघ तरी सोडली असेल. नव्हती. पाठ ती पाठच.

निरोप न पाठवण्याचा विचार मी दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी केशवनं न सांगताच फोन लावून टाकला.

पार्बताबाई आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. परांची काढलेली, सभागृह रिकामं. केशवनं तिला दारातून आत आणलं. दारात ती थबकली आणि चपला काढल्या. मी म्हटलं, राहू द्या. “उद्घाटनाच्या दिवशी मायनं मले इथूनच दाखोलं होतं,” ती म्हणाली. “बायाइले आत नोतं येऊ देत. तिनंच हे घोटलेलं, पन आत नोतं येऊ देत.” मग अनवाणी त्या जमिनीवरून चालत आली. आता तिथे फरशी आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

मी बोलायला लागलो. मला थांबताच येईना. म्हणालो, पार्बताबाई, आधीच सांगतो, मी काही लपवलेलं नाही, खरवडलेलं नाही, जेवढं होतं तेवढं सगळं काढलं, पण तुमची आई पाठमोरी आहे, चेहरा मुळातच काढलेला नाही, मला माहीत होतं, मी आधीच सांगायला हवं होतं.

ती ऐकत नव्हती. मान हळूहळू फिरवत ती चित्र गोळा करत होती. वरून, हसणाऱ्या बायांवरून, थाप्यांच्या ढिगावरून, खाली. चुंबळीवर आली. ठिगळावर आली. मग खाली वाकली, इतकी की मी धरायला पुढे झालो. तिची नजर त्या टाचांवर जाऊन थांबली आणि तिथून हललीच नाही.

“हेच,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “चेहरा नाही ना पण.”

“मायचं तोंड मी कवा पाह्यलं जी?” ती चित्राकडेच बघत म्हणाली. “अंधारात उठे. घरून इथवर पायी ये. मी मांगून चालो. ती पुढं, मी मांगं. थकली का म्हने, माह्या पायाकडं पाह्य, रस्त्याकडं नोको पाहू. मंग मी टाचाच पाहो. ही डाव्या टाचेची भेग पाह्य ना, ही तिचीच. चुना जाये तिच्यात. मले तोंड आठवत नाई तिचं, नाई आठवत. टाचा आठवते.”

केशव दुसरीकडे बघायला लागला. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं: की तो टोपीवाला मीच काढला होता, कोणाचं चित्र आहे हे विचारलंसुद्धा नव्हतं, एका दुपारी तिच्या आईला झाकून मी मजुरी घेऊन घरी गेलो होतो.

पार्बताबाईनं मान फिरवून मला शोधलं. माझा चेहरा तिच्या नळीत यायला थोडा वेळ लागला.

“पाय तं सोडले नं जी तुमी,” ती म्हणाली.

एवढंच. मी आयुष्यभर नीट केलेल्या कामाबद्दल मला शाली मिळाल्या आहेत. त्यांतली एकही या वाक्याच्या तोडीची नाही, आणि हे वाक्य मिळालं ते अर्धवट टाकलेल्या कामाबद्दल.

वर्धापनदिन थाटात झाला. तात्यासाहेब उजव्या अंगाला सोनेरी चौकटीत एकटे, दिवा वरून आणि खालून दोन्ही. भाऊसाहेबांनी भाषणात सांगितलं की मूळ चित्रातल्या श्रमिक भगिनींना न्याय देण्याची कल्पना त्यांचीच. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेतून पाहिलं तर डेकोरेशनवाल्यांनी मंचाच्या कडेला कुंड्या परत मांडल्या होत्या, रंगवून, ओळीनं, आणि मधली सगळ्यात मोठी कुंडी नेमकी जनाबाईच्या पायांपुढे होती.

कार्यक्रम संपल्यावर मी मंचावर चढलो आणि ती कुंडी हातभर बाजूला सरकवली. डेकोरेशनवाला ओरडला, “ओ काका, काहून हलवून राह्यले? लाईन बिघडते नं!”

अजूनही दर कार्यक्रमाला तो ती ओळ सरळ करतो. मीही दर आठवड्याला सभागृहात डोकावतो, केशव दार उघडतो, आणि आम्ही दोघं मिळून ती कुंडी पुन्हा सरकवतो.